पाण्याची बातमी पक्षावर कशी घसरते?

प्रश्न : आम्ही टिटवाळ्यात पूर्वेला राहतो. आमच्या भागातल्या रहिवाशांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. लोकल उशिरा धावतेय, आज पाणी येणार नाही, वीज कधी येईल, अशा बातम्या एकमेकांना कळाव्यात म्हणून तो काढला होता. आता कुठलीही बातमी आली की थोड्याच वेळात पक्ष निघतो, मग प्रांत, मग धर्म, आणि मूळ बातमी तशीच राहते. हीच माणसं देवळात, बाजारात, फलाटावर भेटली की नीट बोलतात. मग फोनवर असं का होतं? ही सवय कुणामुळे लागली : पक्षांमुळे, कंपन्यांमुळे की आपल्याचमुळे? पूर्वीही असंच होतं का? आणि मी ग्रुपची ॲडमिन आहे, तर उद्या काही झालं तर ते माझ्यावर येईल का?
– एक वाचक, टिटवाळा (पूर्व)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर थोडक्यात देता येतं आणि तुमची काळजीही कमी होईल. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये निकाल दिला आहे. एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचं संगनमत होतं असं दिसलं पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे दुसऱ्याच्या जिभेची शिक्षा तुम्हाला नाही. मात्र मजकूर काढून टाकणं, समज देणं, तरीही न ऐकणाऱ्याला ग्रुपबाहेर करणं हे अधिकार तुमच्या हातात आहेत. ते वापरताना संकोच करू नका.

आता तुमच्या मूळ कोड्याकडे वळू. समोरासमोर नीट बोलणारी माणसं फोनवर का भांडतात, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला होता. डेन्मार्कच्या आर्हूस विद्यापीठातले अलेक्झांडर बोर आणि मायकेल बांग पीटरसन यांनी अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या लोकांचा अभ्यास करून २०२२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना असं दिसलं, की इंटरनेटवर राजकारणावरून भांडणारे बहुतेक तेच असतात, जे प्रत्यक्ष आयुष्यातही राजकारणावरून भांडतात. प्रत्यक्षात त्यांचं भांडण आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जातं, तर फोनवर ते सगळ्यांना दिसतं.

म्हणजे तुमचे शेजारी फोन हातात घेताच बदलतात असं समजण्याचं कारण नाही. रिक्षाच्या रांगेत एखादा तावातावाने बोलू लागला, तर पुढचा माणूस मान फिरवतो, कुणी ‘असू द्या हो काका’ म्हणतं, आणि बोलणाऱ्याला आपण एकटे पडलो हे कळतं. ग्रुपवर मान फिरवलेली कुणाला दिसत नाही. तिथे गप्प बसलेला माणूस संमती देणारा वाटतो. तुमच्या ग्रुपमधले गेल्या महिन्याभरातले भांडणाचे निरोप काढून कुणी किती लिहिले ते बघा. मूठभर नावं निघतील, असा माझा अंदाज आहे. बाकीच्यांनी ग्रुप म्यूट केला असेल, काही निघून गेले असतील.

त्यात सर्वात आधी गप्प होतो तो कामाची बातमी देणारा माणूस. ‘उद्या दुपारपर्यंत पाणी नाही, टाक्या भरून ठेवा’ असं लिहिणाऱ्याला खाली वीस जणांचं भांडण सुरू झालेलं दिसलं, की पुढच्या वेळी तो लिहीत नाही. भांडखोर आले यापेक्षा हा माणूस गेला, हे नुकसान मला मोठं वाटतं. त्याच्या जागी दुसरा कुणी येत नाही, कारण पाणीपुरवठ्याच्या खात्यातल्या माणसाला फोन करून खरं काय ते विचारण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

राग इतका वेगाने का पसरतो, याचं मोजमाप झालेलं आहे. विल्यम ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बंदूक नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरचे ट्वीट तपासले. नीती-अनीतीची भावना चेतवणारा एकेक शब्द वाढला, की ते ट्वीट पुढे पाठवलं जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं. २०२१ मधला त्यांचा दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संतापाच्या मजकुराला ज्यांना भरपूर लाइक मिळाले, ते पुढच्या वेळी आणखी संतापून लिहू लागले, असं त्यात आढळलं. म्हणजे राग हा काही अंशी शिकवला जातो, आणि शिकवणारे आपणच, अंगठा दाबणारे. खोट्या बातम्यांचंही असंच आहे. एमआयटीच्या अभ्यासकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती, आणि त्यात राजकीय खोटं सर्वांत वेगाने पसरत होतं.

कंपन्यांचा दोष किती? फेसबुकपुरतं उत्तर कागदोपत्री आहे. २०१७ पासून त्यांच्या यंत्रणेत रागाचं चिन्ह साध्या लाइकच्या पाचपट मोलाचं धरलं जात होतं. ज्या मजकुरावर लोक चिडतील, तो जास्त लोकांपुढे जाईल, असा हा हिशेब होता. कंपनीच्याच संशोधकांना त्याचा धोका दिसला, आणि रागाच्या चिन्हाचं मोल शून्यावर यायला २०२० चा सप्टेंबर उजाडला. कंपनीत काम केलेल्या फ्रान्सेस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांमुळे हे २०२१ मध्ये जगाला कळलं.

पण तुमचा ग्रुप व्हॉट्सॲपवर आहे, आणि तिथे कुठलंही यंत्र निरोपांची क्रमवारी लावत नाही. जो निरोप आधी आला, तो आधी दिसतो. तरीही भांडण होतंच. म्हणून सगळा दोष कंपनीवर टाकून आपल्याला मोकळं होता येत नाही. यंत्राची निवड आधीच दुसरीकडे झालेली असते. रील, यूट्यूबवरचे स्थानिक बातम्यांचे तुकडे, ‘अमुक भडकले’, ‘तमुकांनी सुनावलं’ अशा मथळ्यांचे व्हिडिओ तिथे तावून सुलाखून निघतात आणि मग कुणीतरी ते तुमच्या ग्रुपवर आणून टाकतो. मोहिलीच्या पंपिंग स्टेशनवर काय बिघाड झाला, दुरुस्तीला किती वेळ लागेल, हे जाऊन बघणाऱ्या वार्ताहराला त्यासाठी अर्धा दिवस मोडावा लागतो. नेत्याच्या तोंडापुढे माईक धरायला पाच मिनिटं पुरतात, आणि तोच तुकडा जास्त पाहिला जातो. वार्ताहर चुकार असतो असं मी म्हणत नाही. त्याला पैसे कशाचे मिळतात ते सांगतो आहे.

आता राजकारण. ते प्रत्येक बातमीत का शिरतं, हे समजायला टिटवाळ्यासारखं दुसरं गाव सापडणार नाही. तुमचं पाणी कल्याण-डोंबिवली महापालिकेचं. वीज महावितरणची, म्हणजे राज्याच्या कंपनीची. लोकल मध्य रेल्वेची, म्हणजे केंद्राची. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम रेल्वेचं, पण त्यासाठीच्या जमिनीचा विषय राज्याच्या महसूल खात्याकडे. मोठे रस्ते आणि पूल म्हटले, की एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आलीच. सकाळी सहाला डोंबिवलीला किंवा दादरला निघालेल्या माणसाने रात्री परत आल्यावर नळ कोरडा का, याचा शोध या सगळ्या दारांतून घ्यायचा. तो दमलेला असतो. पक्षाचं नाव मात्र त्याला माहीत असतं. खात्याचा पत्ता सापडत नाही तेव्हा पक्षाचा पत्ता सापडतो, आणि राग तिकडे जातो. मी याला लोकांचा मूर्खपणा म्हणणार नाही. जबाबदारी कुणाची हे लोकांपासून लपलेलं असलं, की प्रत्येक बातमी पक्षावर जाणारच.

त्यात कल्याण-डोंबिवलीची आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल मला खरोखर चीड आहे. महापालिकेच्या लोकप्रतिनिधींची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ इथे प्रशासकाचा कारभार होता. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. एवढा काळ दारात जाऊन जाब विचारावा असा नगरसेवकच नव्हता. जाब विचारण्याची जागा बंद झाल्यावर राग नाहीसा होत नाही. तो ग्रुपवर येतो, आणि तिथे त्याला उत्तर देणारं कुणीच नसतं. महापालिकांच्या कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली गेली. प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामं ठरवायची, अशी ती कल्पना आहे. आपल्या भागात अशी सभा भरल्याचं तुमच्या ग्रुपमधल्या किती जणांना आठवतं, ते एकदा विचारा.

पक्षांची भूमिका वेगळी सांगायला हवी. प्रत्येक पक्षाकडे आज मजकूर तयार करणारी फौज आहे, आणि स्थानिक कार्यकर्ते प्रत्येक वस्तीतल्या ग्रुपवर असतात. त्यात गैर काही नाही. कार्यकर्ता वस्तीत असलाच पाहिजे. पण एका शिवसेनेच्या जून २०२२ नंतर दोन झाल्या, त्या फुटीचं केंद्र ठाणे जिल्हाच होता, आणि कालपर्यंत एका शाखेत बसणाऱ्यांना आपण कुठल्या बाजूचे हे रोज सिद्ध करावंसं वाटू लागलं. ते सिद्ध करण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे ग्रुप. पाण्याच्या बातमीखाली आपल्या नेत्याची बाजू मांडणारा माणूस पाण्याबद्दल बोलतच नसतो. आपण कुणाचे आहोत, एवढंच तो सांगत असतो.

पूर्वी असं नव्हतं का? होतं, आणि त्याचा एक धागा थेट तुमच्या कल्याणला येऊन मिळतो. पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये कल्याणला जन्मल्या. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. त्याच गोपाळरावांनी १८९० मध्ये पुण्यात एक प्रकरण घडवलं. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी चहा प्यायले, कुणी शिष्टाचार म्हणून पेला नुसता हातात धरला. नंतर गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. यादीत चहा प्यायलेला आणि पेला धरलेला यांत फरक नव्हता. मिशनऱ्यांच्या घरचा चहा म्हणजे धर्म बुडाला, अशी ओरड झाली. ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेलं, चौकशी बसली. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा सुधारकच त्यांच्यावर उलटले. व्याख्यान कशावर होतं, हे विचारणारा कुणी उरला नाही.

आज स्क्रीनशॉटचं जे होतं, ते त्या यादीचं झालं. नावं खरी होती, माणसं तिथे होती हेही खरं होतं, आणि तरी यादीने जे सुचवलं, ते पुष्कळांच्या बाबतीत खोटं होतं.

त्याहून बोलकं उदाहरण कोल्हापूर प्रकरणाचं. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला, आणि वर्षभरातच त्याने आणि ‘मराठा’ने कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा, चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो आहे, असं लिहायला सुरुवात केली. रोख कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर होता. आधाराला काही पत्रं होती. महाराष्ट्रभर संताप उसळला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. संपादक टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. सुटले तेव्हा त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली.

यातली दुःखाची बाजू पुढे घडली. महाराजांचे हाल होत होते ही शंका निराधार नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, देखरेखीखाली असताना, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं वीस. लोकांच्या मनातली वेदना खरी होती. पुरावा म्हणून हाती दिलेला कागद खोटा होता. खोट्या कागदाने खऱ्या वेदनेची बाजू न्यायालयात लंगडी केली. संतापात पुढे पाठवलेल्या प्रत्येक बनावट व्हिडिओने आजही हेच होतं : ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला, त्याचं म्हणणंही लोक खोट्यात जमा करतात.

आता आपल्याच भागातल्या अलीकडच्या घटना. जुलै २०२५ मध्ये कल्याण पूर्वेत एका खासगी दवाखान्यातला सीसीटीव्हीचा तुकडा फिरला. स्वागतकक्षातल्या मराठी तरुणीला एका माणसाने लाथ मारली आणि केस धरून फरफटवलं. तुकडा पाहून कुणाचंही रक्त तापेल. काही तासांत तो महाराष्ट्रभर पोहोचला, आणि मारहाणीची बातमी मराठी विरुद्ध परप्रांतीय अशी झाली. मग त्याआधीचं चित्रीकरण बाहेर आलं. त्यात त्या तरुणीने त्या माणसासोबतच्या बाईला आधी थप्पड मारल्याचं दिसलं. त्यामुळे त्या माणसाने केलेली अमानुष मारहाण तसूभरही क्षम्य होत नाही. पण पहिल्या तुकड्यावर ज्यांनी एका अख्ख्या प्रांतातल्या लोकांना शिव्या घातल्या, त्यांतल्या कितींनी दुसरा तुकडाही तितक्याच तातडीने पुढे पाठवला? दवाखान्यात एकट्या मुलीला गर्दी सांभाळावी लागते, तिच्या सुरक्षेचं काय, हा प्रश्न तर दोन्ही वेळा मागे पडला. त्याच्या तीनेक आठवडे आधी, २९ जूनला, राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी शिकवण्यासंबंधीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले होते आणि भाषेवरून वातावरण आधीच तापलेलं होतं. साचा तयार होता, घटना त्यात ओतली गेली.

बदलापूरची गोष्ट याच्या उलट बाजूने बघायला हवी, कारण तिथे रागाने काम केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले, तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना ताटकळत ठेवलं गेलं, आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. कर्जत मार्गावरच्या गाड्या सुमारे दहा तास बंद राहिल्या. त्याच दिवशी विशेष तपास पथक नेमलं गेलं, पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली. पुढे उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि शाळांतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी समिती नेमली. प्रवाशांचे हाल झाले हे खरं, पण तो संताप नसता तर यंत्रणा हलली नसती, असं माझं मत आहे. तो राग नेमका होता : गुन्हा का नोंदवला नाही, शाळेने काय केलं, जबाबदार कोण. मग राजकारण आलं. आंदोलक स्थानिक होते की बाहेरून आणलेले, यावर वाद झाला. विरोधकांनी २४ ऑगस्टचा बंद पुकारला, न्यायालयाने तो रोखला, आणि पुढचे दिवस चर्चा बंदावर चालली. समितीने शाळांसाठी काय सुचवलं, हे तुमच्या ग्रुपवर कुणी टाकलं होतं का? मुलं तर तुमच्याकडचीही रोज शाळेच्या व्हॅनमध्ये बसतात.

रागाला समाजगटाचा पत्ता दिला की काय होतं, हे राईनपाड्याने दाखवलं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत आलेली ती माणसं होती. देशभर अशा घटना घडल्यावर व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाच जागीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेल्या निरोपांसाठी ती मर्यादा एकावर आणली. त्याच महिन्यात १६ तारखेला, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे, टाळेबंदीत सुरतेकडे निघालेल्या दोन साधूंचा आणि त्यांच्या चालकाचा जमावाने, पोलिसांच्या देखत, जीव घेतला. तिथेही चोरांच्या, मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा आधी फिरल्या होत्या. बटणावरच्या मर्यादेने अफवा मंदावते, थांबत नाही.

गडचिंचल्यात दुसरी लाट त्यानंतर आली. तीन दिवसांनी व्हिडिओ देशभर पसरला आणि त्याला धार्मिक वळण देण्यात आलं. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना पकडलेल्या १०१ जणांच्या नावांची यादीच जाहीर करावी लागली आणि त्यात एकही मुसलमान नाही, हे सांगावं लागलं. तीन माणसं अफवेने मारली. त्यांच्या मृत्यूवर दुसरी अफवा उभी राहिली. त्या आदिवासी पट्ट्यात टाळेबंदीतली भीती कशी पसरली, पोलीस इतके थोडे का होते, हे प्रश्न त्या गदारोळात बुडाले.

आणखी एक घटना विसरता कामा नये, कारण ती तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलीच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कलमाचा तिथे वापर झाला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण ग्रुपवरच्या भांडणाला कंटाळून ‘सगळं बंदच करा, पोलिसांत द्या’ असं म्हणणारेही असतात. संतापाचा उपाय म्हणून बोलण्यावर दंडुका आणला, की तो आधी साधा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात बसतो.

मग तुम्ही ॲडमिन म्हणून काय करायचं? राजकारणावर बंदी घालण्याचा सल्ला मी देणार नाही. पाणी, रस्ता, लोकल हे राजकारणच आहे, आणि नागरिकाने त्यावर चिडणं रास्त आहे. माझा आग्रह एवढाच, की रागाला कार्यालयाचा पत्ता द्या. पाण्याची बातमी आली की त्याखाली पहिला प्रश्न ‘तक्रार केली का, क्रमांक काय मिळाला’ हा विचारण्याची प्रथा पाडा. लोकलची तक्रार १३९ वर करता येते. तिचा क्रमांक ग्रुपवर टाका आणि आठवड्याने काय झालं तेही टाका. कुठलाही मारहाणीचा, दंग्याचा तुकडा आला, तर तो कुठला, कधीचा, पूर्ण आहे का, हे कळेपर्यंत पुढे पाठवायचा नाही, असा नियम ठरवून तो सर्वांत आधी स्वतःच्या पक्षाच्या माणसाला लावा. बातमी देणाऱ्या त्या गप्प झालेल्या माणसाला फोन करा आणि पुन्हा लिहायला सांगा. त्याला आभाराचा एक शब्द सर्वांसमोर लिहा. अंगठा मिळाला की माणूस शिकतो, हे आपण वर पाहिलंच.

आणि नगरसेवक आता निवडून आलेले आहेत. क्षेत्रसभा कधी भरवणार, असं त्यांना ग्रुपवर न विचारता लेखी विचारा. उत्तर आलं नाही, तर महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.